बटण जेवणाचं, हुक रात्रीचा

नाना,

तुमची दोन्ही पेनं मी साक्रीहून जळगावला आणली आहेत. दुकानातलं बाकी सगळं संजूनं होतं तसंच ठेवलंय. मशीनवर चादर टाकली, कात्री खिळ्याला अडकवली, टेप गुंडाळून खणात ठेवला. इन्सुलिनच्या पेनांपाशी मात्र तो थांबला आणि म्हणाला, "अक्का, हे तू बघ." घरात कोणी नर्स असलं की सुई, बाटली, पट्टी, अर्धी राहिलेली गोळी असं जे काही निघेल ते तिच्याकडे सरकवलं जातं. त्यात वावगं काही नाही. फक्त या वेळी काय करायचं ते ठाऊक असूनही मी केलेलं नाही.

वॉर्डात मी रोज सांगते, उघडलेलं इन्सुलिन महिन्याच्या वर ठेवू नका. तुमची पेनं उघडून महिना कधीच होऊन गेला. तरी ती माझ्या फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या शेजारी, तुम्ही शिवलेल्या खोळींत उभी आहेत.

तुमचा फ्लेक्स लागला होता, नाना. बाजारपेठेतल्या मंडळानं लावला. स्टुडिओवाल्यानं तुमच्या पासपोर्ट फोटोला कॉम्प्युटरवर कोट चढवला. अर्ध्या तालुक्याच्या नवरदेवांचे कोट शिवून स्वतः जन्मभर पांढरा सदरा आणि पायजमा घातलेल्या माणसाला जाताना कोट मिळाला, तोही दुसऱ्याच्या मापाचा. डावा खांदा उतरलेला. खाली लिहिलं होतं, 'वस्त्रमहर्षी'. त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, काही तुमच्याहून मोठे आणि सगळे हसरे. मी स्टँडवरून चालत आले तेव्हा संजू त्या फ्लेक्सखाली उभा होता. मला वाटलं रडतोय. तो म्हणाला, "अक्का, कॉलर पाहिलीस?" मीही तेच पाहत होते.

तुमचा जन्म, शिक्षण, दुकानाची स्थापना हे सगळं त्या फ्लेक्सवर येऊन गेलंय. मी लिहितेय ते तिथं मावलं नसतं.

गोळ्यांनी तुमची साखर आटोक्यात येईना तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं. घरी आल्यावर सदऱ्याची बटणं काढत म्हणालात, "जनमभर सुई मी टोची. आते माले टोचतस व्हय?"

"कोणी टोचणार नाही. तुम्हीच टोचून घ्यायची."

"शेवटलं औषध शे ते. गल्लीमा कोनले बी इचार."

गल्लीत कोणालाही विचारलं असतं तरी तेच उत्तर आलं असतं. लोक इन्सुलिन घ्यायला उशीर करतात, मग उशिरा घेतलेल्यांच्याच गोष्टी गल्लीत फिरतात. जो वेळेवर घेतो आणि पुढची वीस वर्षं पिशवी घेऊन बाजाराला जातो, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. हे सगळं मी तुम्हाला समजावलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तू पुस्तकं भलती वाचस." वाचनालयात माझं नाव घातलं ते तुम्ही. भाऊबंद नको म्हणत असताना नर्सिंगला पाठवलं तेही तुम्ही. आणि भांडणात हरायची वेळ आली की दोष पुस्तकांचा.

माय तेव्हा गेलेली होती. संजू पुण्याला, मी जळगावात नोकरीला आणि असोद्याच्या सासरी. शिकणं तुम्हालाच भाग होतं.

पहिलं इन्सुलिन बाटलीतलं होतं, मिश्र. त्यात दोन प्रकार एकत्र असतात, एक जेवणापुरतं चटकन धावणारं आणि एक सावकाश बराच वेळ पुरणारं. ते दुधासारखं गढूळ असतं आणि ठेवलं की खाली साका बसतो. बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांमध्ये हलकेच घोळवायची. वॉर्डात मी हे कितीदाही करून दाखवलं तरी लोक ती डमरूसारखी खडखडवतात. तुम्ही एकदाच पाहिलंत आणि म्हणालात, "वात वळतस तसं." मग बाटली हातात घेतलीत आणि माय देवासमोर बसून कापसाची वात वळायची तसे तुमचे हात फिरले. मी खिडकीकडे पाहिलं. तुम्हीही पाहिलं असणार.

चाळीस युनिटच्या बाटलीला चाळीसचीच सिरिंज लागते, शंभरची चालत नाही, हे बाकीच्यांना मला घसा कोरडा होईपर्यंत सांगावं लागतं. तुम्हाला एकदा सांगितलं तर तुमचा चेहरा असा झाला की जणू मी तुमचा अपमान केला. इंचाच्या टेपवर सेंटिमीटर वाचणाऱ्या कारागिराला तुम्ही दुकानातून घालवलं होतं. तुमचं माप कधी चुकत नसे. गिऱ्हाईक म्हणालं बाही लांब झाली, तर तुम्ही त्याचा हात वर-खाली करून पाहायचात आणि म्हणायचात, हात आखूड झाला.

हे माप न चुकण्याचं पुढे लागणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही चुकवलीत. बेंबीच्या डाव्या बाजूला एकाच जागी टोचत राहिलात, कारण तिथं दुखत नव्हतं. मी पोटाला हात लावून पाहिला तर सुपारीएवढी गाठ. अशा गाठीत टोचलेलं औषध नीट शोषलं जात नाही आणि साखर मनाला येईल तशी वर-खाली होते.

"नाना, एकाच जागी टाका उसवून पुन्हा पुन्हा घातला तर कापडाचं काय होतं?"

"चाळनी."

"मग पोटाचं काय झालंय बघा."

पुढच्या वेळी धुळ्याच्या डॉक्टरांनी सदरा वर करायला सांगितला, तर पोटावर निळ्या खडूनं आखलेले सात चौकोन. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही त्यांना सांगितलंत, "हाई सोमवारनं, हाई मंगळवारनं." ते तुमच्यासमोर हसले नाहीत, पण तुम्ही बाहेर गेल्यावर हसलेच.

चपलेचं भांडण मात्र मिटलं नाही. ते मी आजही सोडलेलं नाही.

एकदा मी आले तेव्हा तुम्ही मशीनवर होता. पायडल थांबवून तुम्ही पाय वर घेतलात आणि मला तळव्यात काहीतरी चमकताना दिसलं. टाचणी होती. आत पूर्ण गेलेली, फक्त डोकं बाहेर.

"नाना, पायात टाचणी आहे."

"कोठे?" म्हणत तुम्ही फरशीकडे पाहिलंत.

मी ती ओढून काढली. रक्ताचा थेंब आला. तुम्ही त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा पाय असावा तसं पाहिलंत. वॉर्डात मधुमेहाच्या रुग्णांचे पाय मी रोज धुते, पुसते, बोटांच्या बेचक्यांतून बघते. पाय कापायची वेळ येते त्याची सुरुवात कशापासून होते ते मला ठाऊक आहे. एवढ्याशाच थेंबापासून होते.

"दुकानात चप्पल घालायची."

"मशीन लक्ष्मी शे. लक्ष्मीसमोर चप्पल घालतस का?"

"मग लक्ष्मीला सांगा टाचण्या उचलायला."

"तुनी जीभले धार लावनी पडत नही," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा पायडल मारायला लागलात.

साऱ्या जगात मधुमेहाच्या माणसानं अनवाणी फिरू नये असं सांगतात. ते सांगणाऱ्यांना शिंप्याचं दुकान माहीत नसावं, जिथं पाय बधिर झालेला माणूस देवाच्या धाकानं टाचण्यांवर चालतो. शेवटी तडजोड झाली. गिऱ्हाइकाचा मोठा आरसा तुम्ही दुकान बंद करताना जमिनीवर आडवा ठेवायचात आणि एकेक पाय त्यावर धरून तळवे बघायचात. ज्या आरशात नवरदेव स्वतःवर खूश व्हायचे त्यात तुमच्या टाचा. चप्पल तुम्ही घातली नाहीत ती नाहीच.

मग डोळे अधू झाले. सिरिंजवरच्या रेघा तुम्हाला दिसेनात. डॉक्टरांनी बाटली बंद करून दोन पेनं दिली. पेनाचं चाक फिरवलं की टक टक वाजतं, तेवढे टक मोजायचे. एक पेन जेवणाचं, ताट समोर आलं की घ्यायचं, कारण ते लगेच कामाला लागतं. दुसरं रात्रीचं, एकदा घेतलं की दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरणारं, जेवा किंवा न जेवा. अडचण अशी की ही दोन्ही औषधं पाण्यासारखी नितळ, आणि दोन्ही पेनं जुळ्या भावांसारखी.

व्हायचं ते झालं. रात्रीच्या पेनाचे टक तुम्ही जेवणाच्या पेनावर मोजले आणि साखर एकदम खाली आली. मला सकाळी फोन आला, "हात थरथर करे. गूळ खादा. आते बरं शे." म्हणजे सांगायला हरकत नाही इतकं बरं झाल्यावर फोन केलात. मी मिळेल ती बस धरली. जळगाव ते धुळे आणि धुळे ते साक्री मी मनात तुम्हाला बोलत होते, भाषण तयार होतं. पोचले तर तुम्ही दुकानात बसून दोन खोळी शिवून संपवल्या होत्या. उरलेल्या सुटिंगच्या तुकड्याच्या. एकीला कोटाचं मोठं बटण, दुसरीला पँटचा हुक. डोळे मिटून माझ्या हातात दिल्यात.

"बटन जेवनानं. हुक रातना."

"उलटं का नाही?"

"बटन दिनभर उघाड-बंद व्हस. हुक एकदाच लावतस, झोपाना येळले."

माझं भाषण तसंच राहिलं. मी परत निघताना तुम्ही खोळींची आणखी एक जोडी माझ्या पिशवीत टाकलीत, "तुना वॉर्डमा दाखाड." आमच्या डॉक्टरांनी बटण आणि हुक चाचपून पाहिले आणि आणखी मागवल्या. मग तुम्ही शिवतच राहिलात. आज आमच्या वॉर्डात येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची पेनं कोणाच्या तरी लग्नाच्या कोटाच्या कापडात झोपतात. यासाठी मी तुमचे आभार मानले नाहीत. मुलीनं बापाचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही. आता मानते. आता तुम्ही मला थांबवू शकत नाही.

त्या खोळींपायीच तुमचा सत्कार झाला. मधुमेह दिनाला आमच्या रुग्णालयानं मांडव घातला, रांगोळीत मोठी सिरिंज काढली, रुग्णांना बोलावलं. सगळ्यांच्या मांडीवर नाश्त्याची पाकिटं दिली, वर चिकटपट्टी. प्रमुख पाहुणे आल्याशिवाय उघडायची नाहीत असं कोणीतरी माइकवरून सांगितलं. तुम्ही मात्र माझा नियम पाळला होता. ताट समोर आलं की सुई. पाकीट समोर आलं होतं. व्यासपीठावर बसून तुम्ही शांतपणे बटणाची खोळ उघडलीत आणि टोचून मोकळे झालात.

पाहुणे येईनात. आले तर हार, मग दीपप्रज्वलन, मग वात पेटेना. मग मधुमेह म्हणजे काय यावर पाहुण्यांचं भाषण. मी खालून पाहत होते. तुमच्या कपाळावर घाम दिसला, मग तुम्ही सत्काराच्या शालीची घडी उलगडून पुन्हा घालायला लागलात, पुन्हा, पुन्हा. मी उठले. तेवढ्यात सूत्रसंचालकानं तुमच्या हातात माइक दिला, "नाना, दोन शब्द."

"माले भूक लागनी," तुम्ही म्हणालात. "बाकी बठ्ठं बरं शे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं साधा माणूस, मिस्कील बोलला. मी पायऱ्या चढून आले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पेढ्यांच्या ताटातले पेढे तुमच्या तोंडात घातले. मधुमेह दिनी व्यासपीठावर पेढे होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कामी आलं. बसमध्ये तुम्ही नियमात दुरुस्ती केलीत. "ताट समोर पाह्यजे. पुढारी नको."

आता रोटांवर येते. इतका वेळ टाळत होते.

तुम्हाला सांगायला नको, पण हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कानबाई माहीत नसेल. श्रावणात आपल्या घरी कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी गहू मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. त्या पिठाचे गोड रोट. ते कुळातल्यांनीच खायचे, दुसऱ्याला तुकडा द्यायचा नाही. गावाच्या शिवेबाहेर न्यायचे नाहीत. आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, उरता कामा नये. घरात माणसं भरलेली असताना हे नियम सोपे होते. रोट पुरायचे नाहीत. पण गेली काही वर्षं संजू, मनीषा आणि त्यांचा ओम दोन दिवसांसाठी पुण्याहून यायचे आणि विसर्जन झालं की परत निघायचे. उरलेलं पीठ आणि तुम्ही. गुळाच्या पाण्यात भिजवून तुम्ही एकटे तव्यावर रोट भाजायचात आणि पौर्णिमेपर्यंत खायचात. तुमच्या साखरेचे आकडे त्या आठवड्यात बघवत नसत.

मी असायची ना. दरवर्षी मी यायची, कानबाईला नमस्कार करायची, आणि माझ्यासाठी वेगळी भाकरी टाकलेली असायची. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या कुळाची. माहेरचा रोट तिला चालत नाही. तुमच्या शेजारी बसून तुमची साखर तपासायची, डॉक्टरांना फोन करून जेवणाच्या पेनाचे टक वाढवायचे, आणि ज्याच्यासाठी ते वाढवले तो रोट माझ्या हातभर अंतरावर.

"नाना, मी खाते अर्धे. तुमची साखर वाचेल."

"तुले चालत नही."

"तुमची सुई चालते, तुमचे पाय चालतात, तेवढा रोट चालत नाही."

"नेम शे." तुम्ही ताटाकडे बघत म्हणायचात. नियम तुम्ही केला नव्हता हे मला कळत होतं. तरी दरवर्षी त्या शब्दावर मी उठून भांडी घासायला जायची.

मागच्या श्रावणात तुम्ही सुपात गहू मोजायला बसलात. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण मुठीला डोळे कशाला लागतात. तुमच्या नावानं सव्वा मूठ. संजूच्या नावानं सव्वा मूठ. ओमच्या नावानं सव्वा मूठ. आणि मग तुमचा हात पुन्हा पोत्यात गेला आणि आणखी सव्वा मूठ सुपात पडली.

संजू म्हणाला, "नाना, आपण तिघंच आहोत ना?"

"माप चुकनं व्हई."

मी तिथंच उभी होते. मी तुम्हाला बोलले, चांगलीच बोलले. आधीच रोट संपत नाहीत, त्यात वाढवून ठेवले, खाणार कोण, डोळ्यांचं काय उरलंय, मूत्रपिंडाचं काय होईल. ते गहू परत काढा म्हणाले.

"टाकेल दाना परत उचलत नही," तुम्ही म्हणालात आणि सूप मनीषाकडे दिलंत. संजू माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, त्यालाही काळजी वाटतेय.

मी पुन्हा आले ती पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तुमची साखर बघायला. दुपार होती. तुम्ही दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं होतं. साखर दरवर्षीपेक्षा बरी होती, त्याचं मला आश्चर्य वाटलं. मी डब्यात डोकावले तर रोट शिल्लक होते, पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यात बांधलेले.

"हे का नाही खाल्ले? उद्या पौर्णिमा आहे."

"ते मनं नही. तुनं शे."

मी म्हटलं, "मला चालत नाही."

"मोजेल शे," तुम्ही म्हणालात. "बठ्ठासना समोर मोजं. देवीना समोर मोजं. ज्याना नावनं मोजेल शे त्यानी खावं, हाऊ बी नेमच शे."

"मोजताना सांगितलं का नाही?"

"सांगतू तं भाऊबंद आडवा येतात. मोजी टाकं, आते काय करतीन." मग थोडं थांबून, "तू तं तठेच व्हती. तूच भांडनी."

मी कट्ट्यावर बसले आणि खाल्ले. लग्नाआधी खाल्ले होते त्यानंतर पहिल्यांदा. ते मायच्या हातचे नव्हते, एका बाजूनं करपले होते आणि गूळ एकाच ठिकाणी जमला होता. तुम्ही समोर बसून ऐकत होता, मी खातेय का ते. मी संपवल्यावर तुम्ही हात पुढे केलात, माझ्या बोटाकडे.

"दखू दे, तुनी साखर वाढनी का."

मी हसले आणि साखर तपासायचं मशीन पिशवीत ठेवलं. असं का केलंत, कधीपासून मनात होतं, माझ्या लग्नानंतरच्या सगळ्या श्रावणांत माझी भाकरी वेगळी टाकताना तुम्हाला काय वाटायचं, यातलं काहीही मी विचारलं नाही. वाटलं, पुढच्या वर्षी विचारू. असल्या गोष्टी रोट खाताना विचारणं सोपं जातं.

ज्येष्ठात तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्हाला धुळ्याला नेलं. त्या खोलीत मी नर्स नव्हते, नातेवाईक होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही. माझ्या मुलीच्या वयाची नर्स इन्सुलिन घेऊन आली. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "ताट समोर शे का?" तिला कळलं नाही. ती परगावची होती. मी सांगितलं, "ते विचारतायत, जेवण आलंय का. जेवण आल्याशिवाय ते जेवणाचं इन्सुलिन घेत नाहीत." ती म्हणाली, "काकू, बरोबर आहे त्यांचं. पण हे सलाइनमधून द्यायचं आहे, त्याला जेवण लागत नाही." ती बरोबरच होती. तुम्हीही बरोबर होता. मी सगळ्यात जास्त ज्यावर बडबडले होते तो नियम तुम्ही एवढं सगळं सुटत असताना धरून ठेवला होता. पुढे तुम्ही माझ्याशी जे बोललात ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून ते मी इथे लिहीत नाही.

यंदा घरात दुःख आहे म्हणून कानबाई बसवली नाही. रोट मात्र चुकवत नाहीत. संजू साक्रीला आला, मीही गेले. आदल्या दिवशी मी दुकान झाडायला म्हणून चप्पल बाहेर काढून आत गेले. मशीनपाशी पायाला टाचणी टोचली. मला टोचली, नाना, चांगलीच कळ गेली. मी चप्पल घालायला बाहेर आले आणि न घालताच परत गेले. भांडण अजून चालू आहे, पण दुकान तुमचं आहे.

सकाळी संजू सुपाशी बसला. त्यानं स्वतःच्या नावानं सव्वा मूठ टाकली. मग ओमच्या. मग त्याचा हात थोडा वेळ पोत्यावर राहिला. मी दारात उभी होते. मला वाटलं, तो आता तुमच्या नावाशी अडला. मी आत जाणार होते. तेवढ्यात त्यानं मूठ भरली आणि सुपात टाकली, वर पाव मूठ.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"तुझी."

"नाना सांगून गेले होते?"

"नाही." तो गव्हातला खडा शोधत होता. "मागच्या वर्षी मोजताना मी समोरच होतो ना, अक्का. नानांचं माप कधी चुकलंय का?"

सूप मनीषानं उचललं.

मी सुट्टी वाढवून पौर्णिमेपर्यंत राहिले. माझ्या वाटणीचे मी खाल्ले आणि संजूच्या वाटणीचे उरलेलेही, कारण तो पुण्याला गेला होता आणि मी आता मोजलेल्यांपैकी आहे. तव्यावर तसेच भाजले, एका बाजूनं करपवून.

रोट पौर्णिमेच्या आत संपले, नाना. बटणाच्या पेनात औषध उरलंय.